खाली ठेवलेला कोळसा

आमच्या घरात दर गुरुवारी जग बुडतं. गुरुवारी स्नेहलला सुट्टी. स्नेहल माझी नात, दिलीपची मोठी, डोंबिवलीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. बाकीचे दिवस सकाळी डबा घेऊन जाते ती दिवेलागणीला येते. पण गुरुवारी जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की ती कॉम्प्युटर लावते. कानाला हेडफोन लावायला गेली की मी म्हणते, "अगं आवाज बाहेर सोड, मला पण ऐकू दे." मग मी पलंगावर सुपात शेंगा घेऊन बसते आणि पडद्यावर हळूहळू उजाडतं. एक शहर दिसतं, मोठं. माणूस नाही. बिल्डिंगा उभ्यात, पण खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. गाड्या गंजून रस्त्यात बसलेल्या. शाळेत बाकं तशीच मांडलेली, फळ्यावर अक्षरं तशीच, आणि वारा. तो वारा मला फार आवडतो. मानपाड्याला आमच्या खिडकीतून कंपन्यांचा वास येतो, रिक्षांचे हॉर्न येतात, नुसता वारा कधी ऐकू येत नाही. इथं तो पत्र्यावरून जातो, गवतातून जातो, कुणाच्या तरी उघड्या दारातून आत शिरतो. मी शेंगा सोलायची विसरते.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय झालं गं या गावाला?"

"रोग आला आजी. सगळे मेले. थोडे उरले."

"मग उरलेले काय करतात?"

"जगतात. तोच खेळ आहे."

मला वाटायचं, खेळ म्हणजे हरणं-जिंकणं. हा खेळ नुसता जगण्याचा. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब काढलाय, एक पोट काढलंय. थेंब लाल झाला की तहान, पोट लाल झालं की भूक. पावसात भिजलं की आपला माणूस कुडकुडतो. गढूळ पाणी प्यायलं की ओकतो. काडेपेटी लागते, पट्टी लागते, पायातली पायताणं झिजतात. मेलं की गेलं सगळं, परत पहिल्यापासून, अंगावर एक सदरा नि हात रिकामे. आणि हे सगळं फुकट. कुणी एवढं गाव बसवलं, एवढा वारा केला, आणि म्हणाला, या, फुकट खेळा. अजून मला याचं नवल वाटतं.

स्नेहलच्या जोडीला खेळात प्राची असते. बाळकुमची पोरगी. कधी घरी आली नाही, पण तिचा आवाज आमच्या घरातलाच झालाय. "आजी, जेवलीस का?"

"जेवले बाई. तू?"

"मी इकडे कुत्र्याचं खाणं खातेय, डब्यातलं."

"अगं बाई गं!"

"खेळात गं आजी! घरी मम्मीनं सुकट केलंय. स्नेहल, चल ना यार, पेट्रोल पंपावर लूट करू."

मी म्हटलं, लूट कसली? लुटायला समोर धनी लागतो. हे मागं उरलेलं गोळा करणं, याला वेचणं म्हणतात. तेव्हापासून प्राची म्हणते, "चला बायांनो, वेचायला."

त्या खेळाच्या इंटरनेटवरच्या पानावर खेळणाऱ्यांनी आपापली मतं लिहिलेली असतात. स्नेहल मला वाचून दाखवते. एकानं लिहिलेलं, भूक फार लवकर लागते, डोक्याला ताप. मी म्हटलं, खरं बोलला. दुसऱ्याचं म्हणणं, पाणी उकळायला फार वेळ लागतो, तेवढा कमी करा. तिसरा म्हणे, मी तीन वर्षं रोज खेळतो, एकदम भंगार खेळ आहे. मी एवढी हसले की ठसका लागला. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका असेच, रोज त्याच गाडीवरची भजी खातात आणि रोज नावं ठेवतात. पण सगळ्यात जास्त लोकांचं एकच म्हणणं होतं. खेळ चांगला, माणसं वाईट. दिसलं की मारतात. काही विचारत नाहीत, बोलत नाहीत, लांबूनच गोळी घालतात.

स्नेहल म्हणाली, "खरंय. कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही."

आता माझं सांगते. अकरा-बारा वर्षांची असताना मी असंच वेचायचे. आम्ही कल्याणला रेल्वेच्या यार्डाच्या कडेला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आय. बाप देशावरून खोकतच आला होता, दुसऱ्या वर्षी गेला. खोपटाला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला गोणपाट. आत चूल, दोन मडकी, एक तवा आणि आयच्या लुगड्यांचं गाठोडं. इंजिनं तेव्हा कोळशाची. ती यार्डात येऊन उभी राहिली की दमलेल्या बैलासारखी श्वास टाकायची, आणि खोपटातली भांडी त्या श्वासानं हलायची. मला तो आवाज नसला की झोप यायची नाही. सकाळी कण्यांची पेज, संध्याकाळी मिळाली तर भाकरी, तिच्यावर विस्तवात भाजलेली सुकट. ती सुकट भाजताना जो वास सुटायचा तो आज पाच माणसांच्या स्वयंपाकात सुटत नाही. भूक मसाला असते, म्हणतात. आमच्याकडं तेवढा एकच मसाला भरपूर होता.

इंजिनातली राख खाली पाडायचे, तिचा ढीग व्हायचा. त्या राखेत अर्धा जळलेला कोळसा असायचा. राख गरम असतानाच जावं लागायचं, गार झाल्यावर दुसऱ्या बाया उचलून मोकळ्या झालेल्या असायच्या. पायाला गोणपाट गुंडाळायचं, डोक्यावर पाटी, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळी, राख उकरायला. काचेसारखा चकाकतो तो मेलेला, तो पेटत नाही. हाताला काळं लावतो तो जिवंत. आयनं मला हे अक्षरं शिकवावीत तसं शिकवलं. शाळा माझी दुसरीत सुटली, पण कोळसा मी डोळे मिटून ओळखायचे.

निम्मा कोळसा चुलीला, निम्मा रेल्वेच्या पिवळ्या क्वार्टरातल्या बाईला. बाई वाईट नव्हती. आयची चौकशी करायची, सणाला पोळी द्यायची. पण पाटी घेऊन दारात गेलं की म्हणायची, "ठेव गं तिथं. सर मागं." मी ठेवायचे, मागं सरायचे. ती पाटी रिकामी करायची, दगडावर भाकरी ठेवायची आणि ती मागं सरायची. मग मी पुढं व्हायचे. रोजचं होतं, मला त्यात काही वाटायचं नाही. वाटू लागलं ते वस्तीतल्या सभेनंतर. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी क्वार्टरच्या दारात आमची जागा तीच राहिली होती. सभेत एक माणूस कंदिलाजवळ उभा राहून बोलला की जनावरापुढं टाकतात तसं तुमच्यापुढं टाकतात, ते उचलू नका. आय घरी आली, चूल पेटवली आणि म्हणाली, "सुंदे, उद्यापासनं त्या बाईकडं जायाचं न्हाय. खाली ठिवल्यालं आपुन उचलायचं न्हाय. उपाशी राहू."

राहिलो. पुढं एक चहावाला मिळाला, तो माझ्या हातातून पाटी घ्यायचा, बोटाला बोट लागलं तरी त्याला काही नव्हतं. चहा-पाव द्यायचा. पण मधले दिवस कठीण गेले आणि त्याच दिवसांत थंडीत आयला हीव भरलं. दात वाजायचे, खोपटाचा पत्रा वाजायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईनं पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि मला खांद्याला धरून सांगितलं, "पोरी, हिला उबेत ठेव. गरम पेज पाज. गार पडली तर वाचायची नाही." विस्तव पाहिजे होता. घरातला कोळसा संपला होता. मी दारातली बसायची फळी फोडून जाळली, ती एका दिवसात संपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आय मला सोडेना. माझा हात धरून बडबडत होती, गावच्या विहिरीचं काही. ती जरा डोळा लागेपर्यंत मी बसले आणि मग धावत यार्डात गेले. उशीर झाला होता. ढिगावर कुणी नव्हतं, राख उलटीपालटी झालेली. एकच पोरगी होती, माझ्याएवढी, आमच्या वस्तीतली नव्हे. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, केस कापलेले, मला बघून काहीतरी पुटपुटली ती बोली कुठली तरी लांबची. तिची पाटी भरलेली. मी तिच्या वाटेत उभी राहिले. का राहिले, मला ठाऊक नाही. मागायला तोंड उघडत नव्हतं आणि पाय हलत नव्हते.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पाटी उतरवली. दोन्ही हातांनी कोळसा काढला, चांगला चांगला, काळा काळा, आणि तो मधल्या मोकळ्या जागेत खाली ठेवला. निम्मा तरी असेल. आणि ती मागं सरली. एक पाऊल, दोन, तीन. आणि मला हातानं दाखवलं, घे.

माझ्या डोळ्यांपुढं ते क्वार्टरचं दार आलं. मी त्या कोळशाला लाथ मारली. शेजारी तेलकट पाण्याचा नाला होता, सगळा कोळसा त्यात गेला. पोरगी राहिलेली पाटी उचलून पळाली. मी रिकामी पाटी घेऊन घरी आले. आयनं विचारलं, "इस्तू न्हाय का गं आज?" मी सगळं सांगितलं, मान ताठ करून. आयचे दात वाजत होते. तशात ती म्हणाली, "बरं क्येलंस." मग मी घरातली सगळी गोणपाटं तिच्यावर टाकली आणि वर मी स्वतः पालथी पडले, उबेसाठी. माझ्याखाली तिचं अंग यंत्रासारखं हलत होतं. आय वाचली. कशी वाचली ते आम्हाला दोघींनाही कधी कळलं नाही. ती पोरगी मला पुढं दोनदा दिसली. मला बघितलं की ती ढिगाच्या पार पलीकडच्या टोकाला जायची. मी म्हणायचे, लाजली.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. दिलीपला सांगितली, सुनेला सांगितली. सोसायटीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात माइकवर सांगितली, बायांनी टाळ्या वाजवल्या. मी काही कमावलं नाही, पण ही गोष्ट माझी होती. आय मरणाच्या दारात असताना मी खाली ठेवलेलं उचललं नाही. मोडून पडायची वेळ आली की मी या गोष्टीला टेकून उभी राहायचे.

मागच्या थंडीतला एक गुरुवार. खेळात बर्फ पडत होता. स्नेहलचा माणूस ओला झाला होता आणि त्याला ताप भरला होता. तिनं त्याला कसंबसं एका मोडक्या घरात आणून कोपऱ्यात बसवलं. जवळ सरपण नाही, औषध नाही, हातात नुसती कुऱ्हाड. तो असा कुडकुडत होता की मला बघवेना, आणि नजर काढवेना. त्याचा श्वास धूर होऊन बाहेर पडत होता. कुणी केलं असेल हे, मी म्हणत होते, ज्यानं केलं त्यानं हीव बघितलंय. तेवढ्यात दारात एक माणूस आला. खांद्याला बंदूक. प्राची स्पीकरवरून ओरडली, "स्नेहल, गेलीस तू! मार आधी, मार!"

तो आत आला नाही. दारातच उभा राहिला. मग त्यानं काहीतरी खाली ठेवलं. लाकडं होती, औषधाची बाटली होती. ठेवलं आणि तो मागं सरला. एक पाऊल, दोन, तीन.

माझ्या तोंडून कधी ओरडणं निघालं मला कळलं नाही. "उचलू नकोस! स्नेहल, उचलू नकोस ते! हातात देता येत नाही का त्याला?"

स्नेहल दचकून माझ्याकडं वळली. "आजी, काय झालं? अगं, तो घाबरलाय."

"बंदूक त्याच्याकडं आणि घाबरला तो?"

"मग? माझ्या हातात कुऱ्हाड आहे ना. हातात द्यायला जवळ आला तर मी घाव घालीन, असं वाटतंय त्याला. म्हणून खाली ठेवतात आणि मागं सरतात. म्हणजे मी तुला काही करणार नाही, तूही मला करू नकोस. इथं सगळे असंच देतात आजी. दुसरी पद्धतच नाही." असं म्हणत तिनं ते उचलून घेतलं. दारातला माणूस दोनदा खाली बसला, उभा राहिला, खेळातला नमस्कार तसाच असतो, आणि बर्फात निघून गेला. प्राची म्हणाली, "च्यायला, भला माणूस निघाला."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. त्या दिवशी यार्डात माझ्या हातात सळी होती. ती गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल, पण सळी कधी सांगितली नाही. लपवली नव्हती. ती हातात असायचीच, चप्पल पायात असते तशी, तिचं काय सांगायचं? पण त्या पोरीच्या बाजूनं बघा. संध्याकाळ होत आलेली, यार्डात कुणी नाही, आणि वाटेत एक पोरगी उभी, डोळे लाल, तोंडानं काही बोलत नाही, हातात लोखंडाची सळी. तिला आमची भाषा येत नव्हती. तिला माझी जात ठाऊक नव्हती. तिच्या घरीही चूल असेल, चुलीपुढं कुणी बसलेलं असेल. ती भरली पाटी घेऊन उलटी पळू शकली असती. तिनं घाबरत घाबरत निम्मा कोळसा काढून ठेवला. आणि मी तो माझा अपमान समजून नाल्यात घातला. तिचाही गेला, आमचाही गेला.

स्नेहल मागून आली. मी तिला सांगितलं, सळी होती. तिला गोष्ट पाठ होती, ती लगेच समजली. मग म्हणाली, "पण आजी, तुला कसं कळणार होतं? तुला खाली ठेवण्याचा एकच अर्थ शिकवला होता लोकांनी. तुझं काय चुकलं?"

"माझं चुकलं का नाही ते नको बघूस," मी म्हटलं. "तिनं दिलं होतं. आणि मी साठ वर्षं सांगत आले की तिनं दिलं नाही, पुढ्यात टाकलं."

मग मी तिला म्हटलं, त्या पानावर बघ, असं आणखी कुणाचं झालंय का. ती शोधत बसली. शिव्यांच्या मधून मधून निघत गेली तशी माणसं. एकानं लिहिलेलं, मी तहानेनं मरत होतो, एक जण बाटली ठेवून गेला, त्याचं नावही कळलं नाही. एकीनं लिहिलेलं, मला आत्तापर्यंत वीस जणांनी मारलं, पण ज्या एकीनं माझ्यापुढं पट्टी ठेवली तिच्यासाठी मी हा खेळ सोडत नाही. मी ते तिला पुन्हा वाचायला लावलं. ज्या जगात पोलीस नाही, पंच नाही, कुणी बघायला नाही, मारलं तर फायदाच आहे, तिथं कुणीतरी खाली ठेवतं आणि मागं सरतं. एवढं मोठं मी कुठल्या भाषणात ऐकलं नव्हतं.

माझ्या आयुष्याचं हे पुस्तक मी सांगते आणि स्नेहल लिहून घेते. हे प्रकरण आधीच लिहून झालं होतं, टाळ्यांसकट. तिनं विचारलं, "ते ठेवू का तसंच? वाचणाऱ्यांना तेच आवडेल." मी म्हटलं, खोड. क्वार्टरच्या बाईचं होतं तसं ठेव, त्यातलं एक अक्षर बदलू नकोस, ते खरं आहे. आयचं बरं क्येलंस ठेव. पण पोरीचं नव्यानं लिही. सळी लिही. लाजली लिहिलंय तिथं घाबरली लिही.

पुढच्या गुरुवारी दोघी पोरी एका पडक्या शाळेत वेचत होत्या. दाराशी कुणीतरी आलं. अंगावर एक सदरा, हात रिकामे, नुकताच मरून पहिल्यापासून सुरू केलेला. तो जिथं उभा होता तिथून हलेना. स्नेहलनं कुऱ्हाड उगारली.

"थांब," मी म्हटलं. "आपल्याकडं काय आहे?"

"दोन डबे, पट्टी, काडेपेटी."

"काडेपेटी ठेव."

"आजी, एकच आहे. बाहेर बर्फ आहे."

"म्हणूनच म्हणते. आणि आधी ती कुऱ्हाड आत टाक."

प्राची ओरडायला लागली, "आजी, वेडी झालीस का? तो डाव टाकत असेल! मागं त्याचे लोक असतील! तिचं तीन महिन्यांचं सगळं जाईल!"

स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. तिनं कुऱ्हाड पाठीला अडकवली, काडेपेटी खाली ठेवली आणि मागं सरली. एक पाऊल, दोन, तीन. नुसता वारा. तो माणूस पुढं झाला, थांबला, परत मागं गेला. परत आला. वाकला. काडेपेटी उचलली आणि जो पळत सुटला तो झाडांत दिसेनासा झाला. थँक्यू नाही, काही नाही.

"बघ," प्राची म्हणाली. "गेली काडेपेटी."

स्नेहल खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, म्हणजे तिचा माणूस. बाहेर सगळं पांढरं. मी चष्मा पुसून पुढं सरकले. बराच वेळ काही नव्हतं. मग पलीकडच्या टेकडीवर, झाडांच्या वर, धुराची एक बारीक रेघ दिसली. वारा होता तरी ती सरळ वर चालली होती.

"पेटवलं त्यानं," स्नेहल हळूच म्हणाली.